पेशीतलं ग्लुटाथायोन दिसेपर्यंत: परभणीत राहून केलेल्या पीएच.डी.ची हकिगत

मार्च 2025 मध्ये माझी पीएच.डी.ची मौखिक परीक्षा झाली आणि एप्रिलमध्ये पदवी मंजूर झाल्याचं नोटिफिकेशन निघालं. तेव्हापासून एम.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींचे फोन सुरू आहेत. बहुतेकांना एकच विचारायचं असतं: मॅडम, परभणीत, जालन्यात, बीडमध्ये राहून जिवंत पेशींवरचं काम होतं का? होतं. पण त्यातलं कोणतं काम इथं होतं, कोणत्या कामासाठी गाडी धरावी लागते आणि कोणता कागद किती महिने खातो, हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहिते आहे.

आधी विषय थोडक्यात. आपल्या पेशींमध्ये ग्लुटाथायोन नावाचा छोटासा रेणू असतो. ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन आणि ग्लायसीन या तीन अमिनो आम्लांचा तो बनलेला. सिस्टीनवरचा थायॉल गट, म्हणजे गंधक-हायड्रोजनची जोडी, हा त्याचा खरा कामाचा भाग. पेशीत तयार होणारे पेरॉक्साइडसारखे घातक पदार्थ तो निकामी करतो आणि ते करताना दोन ग्लुटाथायोन गंधकाच्या बंधाने एकमेकांना जोडले जातात. पेशीतलं त्याचं प्रमाण साधारण 1 ते 10 मिलिमोलर असतं, बाकी कोणत्याही लहान थायॉलपेक्षा कितीतरी जास्त. ते बिघडलं की पेशी संकटात आहे असं समजायचं. मोजायची जुनी पद्धत एलमनची, 1959 सालची. तिच्यात पिवळा रंग 412 नॅनोमीटरला वाचतात. पण त्यासाठी पेशी फोडावी लागते. पेशी जिवंत ठेवून बघायचं असेल तर असा रेणू हवा, जो आत शिरेपर्यंत अंधारा राहील आणि थायॉल भेटला की उजळेल. माझी पीएच.डी. अशाच रेणूंवर, म्हणजे फ्लुओरेसन्ट प्रोबवर आहे.

ऑगस्ट 2019 मध्ये अर्ज भरला. सेट, म्हणजे राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण असल्यामुळे पेट या पीएच.डी. प्रवेश परीक्षेतून सूट मिळाली. त्या वेळी मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. मानधन वर्षातून दोन-तीनदा एकदम यायचं, त्यामुळे प्रवेश शुल्क आणि प्रयोगशाळा शुल्क भरायला घरूनच पैसे घेतले. त्या हंगामात सोयाबीन बरं झालं होतं. तुम्ही सारथी, बार्टी किंवा महाज्योतीच्या फेलोशिपला पात्र असाल तर नोंदणीचं पत्र हातात येताच जाहिरातीवर लक्ष ठेवा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि रहिवासी दाखला आधीच काढून ठेवा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपलेली असते आणि ते शेवटच्या दिवशी लक्षात येतं.

फेब्रुवारी 2020 मध्ये संशोधन समितीसमोर सादरीकरण झालं. मी दिलेल्या शीर्षकात ‘अँटिऑक्सिडंट ओळखणारे सेन्सर’ असे शब्द होते. समितीतले एक ज्येष्ठ सर म्हणाले, “क जीवनसत्त्व अँटिऑक्सिडंट आहे, ई आहे, यूरिक आम्लही आहे. तुमचा रेणू या सगळ्यांना ओळखणार का?” ओळखणार नव्हता. क जीवनसत्त्वासाठी वेगळी रचना लागते. तिथे चमकणाऱ्या भागाला नायट्रॉक्साइड गट जोडून त्याची चमक दाबतात आणि क जीवनसत्त्वाने त्या गटाचं क्षपण केलं की चमक परत येते. माझी रचना थायॉलसाठीची होती. शीर्षक बदलून ‘जैविक थायॉल’ असं केलं, दुरुस्तीचा अर्ज मार्गदर्शकांच्या सहीने पुन्हा दिला. त्या दिवशी खूप खट्टू झाले होते, पण त्या एका प्रश्नाने पुढचं सगळं काम सरळ झालं. शीर्षक जेवढं नेमकं असेल तेवढं चांगलं. मंजुरीनंतर ते बदलायचं म्हणजे पुन्हा समिती, पुन्हा शुल्क, पुन्हा काही महिने.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि मी गावी गेले. प्रयोगशाळा बंद, लायब्ररी बंद. कोर्सवर्क त्या वर्षाच्या शेवटी ऑनलाइन झालं. माझी नोंदणी 2016 च्या यूजीसी नियमांखाली होती, त्यात कोर्सवर्क 8 ते 16 क्रेडिटचं. नोव्हेंबर 2022 नंतरच्या नियमांत ते किमान 12 क्रेडिट आहे. गावात नेटवर्क गच्चीवरच यायचं, त्यामुळे तास गच्चीवर. त्या महिन्यांत मी भरपूर वाचलं आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला. कॅल्शियमसाठी असे प्रोब रॉजर त्सिएन यांनी 1980 च्या दशकात केले, त्यांचे मूळ लेख शांतपणे वाचले. पेशीच्या आवरणातून रेणू आत कसा न्यायचा, आत गेल्यावर तो कशाशी गाठ घालेल, चमक वाढली तर ती नेमकी कशामुळे वाढली, हे सगळे प्रश्न त्यांनी तेव्हाच स्वतःला विचारले होते.

2021 च्या पावसाळ्यात प्रयोगशाळेत परतले. आधी कूमारिन करून बघितलं. रिसॉर्सिनॉल, इथाइल अॅसिटोअॅसिटेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल. एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात सगळ्यांनी केलेली पेखमन अभिक्रिया. निळी चमक सुरेख येते, पण पेशींसाठी तिचा उपयोग कमी. त्या रेणूला अतिनील प्रकाश लागतो, तो पेशीला इजा करतो आणि पेशीतल्या एनएडीएच या रेणूची स्वतःचीही निळी चमक असतेच. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, “निळ्याचा नाद सोड, हिरव्याकडे ये.” म्हणून नॅफ्थॅलिमाइड घेतलं. 4-ब्रोमो-1,8-नॅफ्थॅलिक अॅनहायड्राइडपासून सुरुवात, ब्युटिलअमाइन घालून इमाइड, मग ब्रोमीनच्या जागी हायड्रॉक्सी. हा हायड्रॉक्सी रेणू हिरवट-पिवळा चमकतो. त्यावर 2,4-डायनायट्रोबेन्झीनसल्फोनिल गट बसवला की चमक विझते, कारण तो नायट्रो गटांचा भाग उत्तेजित इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो. थायॉल येऊन त्या गटाला आपल्याकडे घेतो, सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि चमकणारा रेणू मोकळा होतो. ही रचना माझी नव्हे, तिचा वापर बरीच वर्षं चालू आहे. मी इमाइडच्या टोकावरच्या साखळ्या बदलून पेशीत कोणता रेणू लवकर शिरतो ते पाहिलं.

आता उन्हाळा. 2022 च्या एप्रिल-मेमध्ये आमच्या प्रयोगशाळेत दुपारी 42 अंशांच्या वर पारा असायचा. डायक्लोरोमिथेन 40 अंशांना उकळतं, इथर 35 ला. बाटलीचं झाकण उघडलं की फुस्स आवाज यायचा. मिश्रणातले पदार्थ वेगळे करायचा सिलिका कॉलम भरला की अर्ध्या तासात मधेच बुडबुडे दिसायचे, मग आडवी भेग, आणि पट्टे एकमेकांत मिसळायचे. परदेशी लेखांत ‘खोलीच्या तापमानाला’ असं लिहिलेलं असतं. ते 25 अंश. आमची खोली तशी नव्हती. मग कॉलम पहाटे सहाला सुरू करून साडेनऊच्या आत संपवायची सवय लावली आणि डायक्लोरोमिथेनऐवजी हेक्झेन-इथाइल अॅसिटेट वापरलं, ते इतक्यात उकळत नाही. रिफ्लक्ससाठी, म्हणजे द्रावण उकळत ठेवून त्याची वाफ थंड करून परत आणण्यासाठी, कंडेन्सरला सतत वाहतं पाणी लागतं आणि ते परभणीत उन्हाळ्यात शक्य नाही. आमचे प्रयोगशाळेतले मामा पहिल्याच दिवशी म्हणाले, “ताई, टाकीत पाणी नाही, हे कशावर चालवायलात?” दुसऱ्या दिवशी त्यांनीच कूलरची जुनी मोटार आणली. बादलीत पाणी, त्यात बर्फाच्या लादीचा तुकडा, मोटार बुडवून नळी कंडेन्सरला आणि परतीची नळी पुन्हा बादलीत. दोन-अडीचशे रुपयांच्या त्या मोटारीवर माझी सगळी रिफ्लक्सची कामं झाली. बर्फ रसवंतीवाल्याकडून यायचा. सल्फोनिल क्लोराइड घालायची पायरी शून्य अंशाला करायची असते, तिलाही तोच बर्फ, मीठ घालून.

या टप्प्यावरची एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. शुद्धतेची तपासणी 365 नॅनोमीटरच्या दिव्याखाली टीएलसी पट्टीवर, म्हणजे पदार्थांचे ठिपके वेगळे करणाऱ्या सिलिकाच्या पट्टीवर, होते. हायड्रॉक्सी रेणूचा ठिपका लखलखतो आणि तयार प्रोबचा ठिपका काळा दिसतो. त्या काळ्या ठिपक्याच्या खाली अगदी पुसट हिरवा डाग जरी राहिला, तरी तो प्रोब पेशीत न्यायचा नाही. थायॉल नसतानाही तो चमकणार आणि तुमचा सगळा फरक त्यात बुडणार. मी प्रत्येक प्रोब दोनदा कॉलम करून, वर पुन्हा स्फटिकीकरण करून घेतला. हाताशी पदार्थ फार थोडा उरतो, जीव हळहळतो. तरी करावं.

रेणूची रचना पक्की करणारं एनएमआर यंत्र आमच्याकडे नाही. चंडीगड आणि मुंबईच्या सैफ या अत्याधुनिक उपकरणांच्या केंद्रांत नमुने पाठवता येतात, आणि आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली उपकरणं, त्यांचे दर आणि नोंदणी बघता येते. मला प्रोटॉन एनएमआरला काही शे रुपये, कार्बनला त्याहून जास्त आणि अचूक रेणुभार मोजणाऱ्या एचआरएमएसला हजाराच्या आसपास खर्च आला. निकाल कधी तीन आठवड्यांत, कधी दोन महिन्यांत. नमुन्यासोबत रचना, रेणुभार, कोणत्या द्रावकात विरघळतो आणि तो विषारी आहे का, हे छापून जोडा. डीडीचं युग बरंचसं संपलं असलं तरी ऑनलाइन पावतीची प्रत पाकिटात घालायला विसरू नका. पावती नसली की नमुना तसाच पडून राहतो.

फ्लुओरेसन्स मोजणीसाठी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका संस्थेत जायचे. तिथल्या यंत्राचा झेनॉन दिवा गेला आणि नवा येईपर्यंत एक अख्खं सत्र गेलं. अशा वेळी दुसरं यंत्र कुठे आहे ते आधीच विचारून ठेवलेलं असावं. क्युव्हेट, म्हणजे द्रावण ठेवायची छोटी चौकोनी कुपी, स्वतःची घ्या, क्वार्ट्झची, चारही बाजू पारदर्शक असलेली. शोषण मोजायच्या क्युव्हेटच्या दोनच बाजू स्वच्छ असतात, त्या इथे चालत नाहीत, कारण चमक काटकोनात मोजतात. काही हजार रुपये जातात, पण ती पाच वर्षं पुरते. ग्लुटाथायोनचं द्रावण त्याच दिवशी सकाळी करायचं. हवेत उघडं राहिलं की त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि दुपारी तुमचा आलेख खाली बसतो. मी दर वेळी एलमनच्या पद्धतीने द्रावणातला थायॉल आधी मोजून घ्यायचे. त्याला पंधरा मिनिटं लागतात आणि पुढची शंका राहत नाही.

आता किमान शोधमर्यादेबद्दल, म्हणजे प्रोबला ओळखता येणाऱ्या सर्वांत कमी प्रमाणाबद्दल. प्रत्येक लेखात ती नॅनोमोलरमध्ये, म्हणजे मिलिमोलरच्या दहा लाखाव्या भागात, दाखवायची चढाओढ असते. पार्श्वभूमीचं प्रमाण विचलन गुणिले तीन, भागिले उतार, की आकडा तयार. माझाही आकडा मायक्रोमोलरच्या खाली आला आणि प्रबंधात तो आहे. पण पेशीत ग्लुटाथायोन मिलिमोलरमध्ये आहे, नॅनोमोलरचा हा आकडा तिथे काय कामाचा? तिथे प्रश्न वेगळे आहेत: प्रोब आत जातो का, पेशी जगते का, आणि दिसतोय तो उजेड थायॉलचाच आहे का. माझ्या मते आपल्याकडच्या मुलांनी शोधमर्यादेवरचा वेळ कमी करून या तीन प्रश्नांना द्यावा.

पेशींचं काम 2023 मध्ये पुण्यात झालं. एका प्रयोगशाळेशी सरांची जुनी ओळख होती, त्यांच्याकडे हेला पेशी होत्या. हेला म्हणजे 1951 साली हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या अर्बुदातून, तिला न विचारता, घेतलेल्या पेशी. जगभर आजही वाढतात. मी प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव घातलं आहे. तुम्हाला कुणाची ओळख नसेल तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून संस्थेमार्फत पेशी मागवता येतात, पण त्या सांभाळायला 37 अंशांचं, 5 टक्के कार्बन डायऑक्साइडचं इन्क्युबेटर, निर्जंतुक कक्ष आणि द्रव नायट्रोजन लागतं. तालुक्याच्या कॉलेजाने हा खर्च उचलण्यापेक्षा सहकार्याचं पत्र घेणं बरं. दोन्ही संस्थाप्रमुखांच्या सह्या, कामाचं स्वरूप, लेखात नावं कोणत्या क्रमाने येणार, आणि खर्च कोणाचा, हे त्यात सुरुवातीलाच लिहून घ्या. हे पत्र पहिल्या सहामाहीतच करा. प्रोब तयार झाल्यावर शोधाशोध केली तर वर्ष जातं. प्राणी वापरणार नसल्यामुळे प्राणी-नैतिकता समितीकडे जावं लागलं नाही.

रात्रीच्या गाडीने पुण्याला जायचं, दिवसभर काम, रात्रीच्या गाडीने परत. प्रोब काळ्या कुपीत, वरून अॅल्युमिनियम फॉइल, पर्समध्ये हातात. सामानात टाकायचा नाही.

पहिल्यांदा पेशी जगतात का ते बघणारी एमटीटी चाचणी. जिवंत पेशी पिवळ्या क्षाराचं जांभळ्या फॉर्माझानमध्ये रूपांतर करतात, तो रंग 570 नॅनोमीटरला मोजायचा. 10 मायक्रोमोलरला माझ्या प्रोबने पेशींना फारसा त्रास दिला नाही, तेवढ्यावर पुढे गेलो. डीएमएसओ या द्रावकातल्या 10 मिलिमोलर साठ्यातला 1 मायक्रोलिटर 1 मिलिलिटरमध्ये, म्हणजे डीएमएसओ फक्त 0.1 टक्के. प्रोब सीरम, म्हणजे रक्तातला प्रथिनयुक्त द्रव, असलेल्या माध्यमात घालू नका. सीरममधल्या अल्ब्युमिनवर एक मोकळा थायॉल असतो आणि प्रोब बाहेरच उजळून संपतो. आधी पेशी बफरने तीनदा धुवायच्या. फिनॉल रेड हा रंग नसलेलं माध्यम मिळालं तर आणखी चांगलं.

मग कॉन्फोकल, म्हणजे लेसरने पेशीचं चित्र घेणारा सूक्ष्मदर्शक. यंत्राचं भाडं तासावर, म्हणून तिन्ही बश्या तयार असल्याशिवाय वेळ घ्यायची नाही. पहिल्या बशीत नुसत्या पेशी. दुसरीत प्रोब. तिसरीत आधी अर्धा तास 1 मिलिमोलर एन-इथाइलमॅलेइमाइड आणि मग प्रोब. हे मॅलेइमाइड पेशीतले सगळे थायॉल आधीच अडवून ठेवतं. दुसरी बशी लेन्सखाली गेली आणि पडद्यावर पेशी हिरव्या उगवल्या. केंद्रकाभोवतीचा भाग भरगच्च, कडा अंधुक, एक पेशी नेमकी दोन होत होती तिची गोल बाहुलीसारखी आकृती. तिथली पीएच.डी.ची मुलगी म्हणाली, “ताई, आलं की!” मला मात्र तिसऱ्या बशीची धास्ती होती. ती ठेवली, लेसर आणि डिटेक्टरची मांडणी जराही न हलवता. पडदा जवळजवळ काळा. साध्या प्रकाशात पेशी तिथेच, धडधाकट, आणि हिरव्या मार्गिकेत काही नाही. माझ्या सगळ्या कामातलं मला सर्वांत मोलाचं चित्र तेच आहे, कारण दुसऱ्या बशीतला उजेड थायॉलमुळे होता हे त्यानेच सिद्ध केलं. मांडणी बदलून घेतलेली चित्रं एकमेकांशी ताडता येत नाहीत, म्हणून लेसरची ताकद आणि डिटेक्टरचे आकडे वहीत लिहून, फोटो काढून ठेवा.

लेख पाठवला तेव्हा परीक्षकांनी दोन गोष्टी मागितल्या. हायड्रोजन सल्फाइडही चमक विझवणारा हा गट तोडतो, ते तपासा. आणि ब्युथिओनिन सल्फॉक्सिमिन देऊन पेशीतलं ग्लुटाथायोन बनणंच थांबवा, मग चमक किती घटते ते दाखवा. दोन्ही मागण्या रास्त होत्या. पुन्हा पुणे, पुन्हा भाडं, पुन्हा काही महिने. सल्फाइडला प्रोबने प्रतिसाद दिला आणि तो आम्ही लेखात तसाच छापला. सिस्टीन आणि होमोसिस्टीनलाही तो प्रतिसाद देतो. पेशीत ग्लुटाथायोन सर्वांत जास्त असल्याने उजेडाचा मोठा वाटा त्याचा, एवढंच म्हणता येतं. ‘ग्लुटाथायोनसाठी खास’ असं आम्ही कुठेही लिहिलं नाही.

2024 च्या जूनमध्ये पूर्व-सादरीकरण आणि सप्टेंबरमध्ये प्रबंध जमा. माझ्या नियमांखाली एक प्रकाशित लेख आणि परिषदांतली दोन सादरीकरणं बंधनकारक होती. 2022 च्या नियमांनी ती सक्ती काढली. साहित्यचौर्याची तपासणी 10 टक्क्यांच्या आत हवी. प्रयोगपद्धतीच्या प्रकरणात साम्य जास्त येतं, कारण वाक्यं ठरावीक असतात. 2018 च्या यूजीसी नियमांत प्रमाण संज्ञा, समीकरणं आणि सलग 14 शब्दांपर्यंतचे योगायोगाने जुळलेले शब्द वगळायची तरतूद आहे, ती तुमच्या ग्रंथपालांना दाखवा. स्वतःच्याच लेखाशी जुळणारा मजकूर वगळण्यासाठी मार्गदर्शकांचं पत्र लागलं. सहामाही प्रगती अहवाल एकही चुकवू नका, जमा करताना सगळे मागतात. स्त्रियांना मुदतीत दोन वर्षं सवलत आहे आणि 240 दिवसांची प्रसूती व बालसंगोपन रजाही. ती मागायला संकोच करू नका. बाइंडिंग, शुल्क, ग्रंथालयाचं नादेय प्रमाणपत्र यांत पंधरवडा आणि बरेच हजार रुपये गेले.

त्यानंतर सहा महिने नुसती वाट. दोन्ही बाह्य परीक्षकांचे अहवाल येईपर्यंत काही करता येत नाही. या काळात मी पेशींची सगळी मूळ चित्रं एका वेगळ्या हार्ड डिस्कवर लावून ठेवली आणि व्हायवाची तयारी केली.

व्हायवात विचारलेला पहिला प्रश्न: “तुमचा प्रोब उलटा फिरतो का?” नाही. थायॉलने एकदा तो तोडला की तुटला. त्यामुळे तो एका वेळची स्थिती सांगतो, ग्लुटाथायोन वाढतंय की घटतंय ते मिनिटामिनिटाला दाखवू शकत नाही. त्यासाठी थायॉलला तात्पुरतं धरून सोडणारे उलटसुलट प्रोब लागतात, 2017 च्या सुमारास असे प्रोब जिवंत पेशीत वापरले गेले. परीक्षक सरांनी मान डोलावली आणि पुढची दहा मिनिटं त्यावरच चर्चा झाली. आपल्या रेणूच्या मर्यादा आपल्याला पाठ असल्या की व्हायवाची भीती उरत नाही.

नोटिफिकेशननंतर तात्पुरत्या प्रमाणपत्राचा अर्ज लगेच करा, पदवी दीक्षान्त समारंभापर्यंत येत नाही आणि मुलाखतीला काहीतरी सोबत लागतंच. प्रबंधाची पीडीएफ शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर गेली की नाही ते महिन्याभराने स्वतः बघा. माझे उरलेले प्रोब फ्रीजमध्ये आहेत, तारीख आणि शुद्धतेच्या नोंदीसह. आमच्या केंद्रात उलटसुलट प्रोबवर काम करायला यंदा एक मुलगी नोंदणी करते आहे. तिचं सहकार्याचं पत्र पुण्याला आधीच गेलं आहे.